हापशाचा दांडा

जॉन स्नो हे नाव ऐकलं की आपल्या होस्टेलमधल्या निम्म्या पब्लिकच्या डोळ्यांसमोर गेम ऑफ थ्रोन्स येतं. मित्रांनो, हा तो नव्हे! हा जॉन स्नो खराखुरा माणूस होता. पेशाने डॉक्टर, स्वभावाने अबोल आणि आवाज घोगरा. सिरियलवाल्या स्नोसारखी तलवारबाजी त्याच्या आयुष्यात नाही, पण एका साथीच्या मागे लागून त्याने ज्या चिकाटीने लंडनच्या गल्ल्या तुडवल्या, ती गोष्ट कुठल्याही सिरियलच्या तोडीची आहे.

२०२० साली आपण सगळे शाळेत होतो. रोज संध्याकाळी आकडे यायचे, नकाशावर रेड झोन, ऑरेंज झोन रंगवलेले असायचे, आणि पॉझिटिव्ह माणसाच्या संपर्कात कोण कोण आलं याची यादी करायला आशाताई दारावर यायच्या. ह्या सगळ्या खटाटोपाचं मूळ शोधत मागे मागे गेलं की गाडी १८५४ च्या लंडनमध्ये ह्या माणसापाशी येऊन थांबते.

स्नोचा जन्म १५ मार्च १८१३ चा. इंग्लंडमधल्या यॉर्क गावी, ऊझ नदीकाठच्या एका गरीब गल्लीत. वडील कोळशाच्या वखारीत मजूर, आणि नऊ भावंडांत हा थोरला. नदीला पूर आला की पाणी गल्लीत शिरायचं. अशा घरातला मुलगा डॉक्टर होणं त्या काळी सोपं नव्हतं. पण पोराचं गणित चांगलं होतं. चौदाव्या वर्षी त्याला न्यूकॅसलच्या एका सर्जनकडे अप्रेंटिस म्हणून ठेवलं. आपल्याकडे आयटीआयची मुलं अप्रेंटिसशिप करतात ना, तसंच काहीसं. फरक एवढाच की ही वर्षानुवर्षं चालायची.

तिथेच त्याची आणि कॉलऱ्याची पहिली गाठ पडली. बंगालकडून निघालेला हा रोग रशिया, जर्मनी करत ऑक्टोबर १८३१ मध्ये इंग्लंडच्या सुंदरलंड बंदरात उतरला आणि बघता बघता आजूबाजूच्या कोळसा खाणींत पोचला. अठरा वर्षांच्या स्नोला किलिंगवर्थच्या खाणीवर पाठवण्यात आलं. उपचार म्हणजे काय, तर रक्त काढायचं, अफू द्यायची, ब्रँडी पाजायची. म्हणजे ज्याच्या अंगातलं पाणी संपत चाललंय त्याचं उरलंसुरलंही काढून घ्यायचं! मीठ-साखरेचं पाणी पाजलं तर माणूस वाचतो, हे तेव्हा कुणाला ठाऊक नव्हतं. स्नोच्या हातात करण्यासारखं फारसं काही नव्हतं. पण डोळे उघडे होते. खाणकामगार आठ-नऊ तास जमिनीखाली असायचे. तिथे ना संडास, ना हात धुवायला पाणी. त्याच अंधारात त्याच हातांनी ते घरून आणलेला डबा खायचे. हे त्याने पाहून ठेवलं, आणि पुढे सतरा-अठरा वर्षांनी ते वापरलं.

आपल्याकडे ह्या रोगाला पटकी म्हणायचे. सकाळी धडधाकट असलेला माणूस संध्याकाळी नसायचा, म्हणून भीतीही तशीच. गावात पटकी शिरली की मरीआई कोपली असं समजून तिचा गाडा वाजतगाजत गावाच्या शिवेबाहेर नेऊन सोडायचे. आपण ह्याला अंधश्रद्धा म्हणून मोकळे होतो. पण त्याच काळात लंडनचे मोठमोठे डॉक्टर काय मानत होते ते ऐका. रोग पसरतो तो घाणेरड्या वासाने! कुजकी हवा, गटारांची दुर्गंधी, तीच श्वासातून अंगात शिरते आणि माणूस मरतो. ह्या मताला पार्लमेंटचा आणि मेडिकल जर्नल्सचा पाठिंबा होता. म्हणजे गाडा तिथेही होताच, फक्त तो इंग्रजीतून चालायचा. (आमच्यासारख्या कॉन्व्हेंटवाल्यांना इंग्रजीतून सांगितलेलं लगेच खरं वाटतं, म्हणून हे मुद्दाम लिहिलं.)

खाणीवरून परतल्यावर आणखी काही वर्षं उमेदवारी करून, १८३६ मध्ये स्नो लंडनला निघाला. लिव्हरपूल, वेल्स, बाथ असा वळसा घालत, चक्क पायी. सोहो ह्या दाटीवाटीच्या भागात खोली घेतली, मेडिकल स्कूलला नाव घातलं, १८३८ मध्ये सर्जनची परीक्षा पास झाला आणि १८४४ मध्ये एम.डी. झाला. मांसाहार त्याने सतराव्या वर्षीच सोडला होता, दारूच्या विरोधात तो भाषणं द्यायचा, आणि प्यायच्या पाण्याच्या बाबतीत फारच चोखंदळ होता. लग्न केलं नाही. आपल्या भाषेत सांगायचं तर पक्का घासू.

१८४६ च्या डिसेंबरात अमेरिकेतून इथरची बातमी लंडनला पोचली. इथर हुंगवलं की माणसाला भूल चढते आणि ऑपरेशन न कळता होतं! सगळे डॉक्टर इथरच्या मागे लागले. पण एका पेशंटला भूल चढायची, दुसऱ्याला नाही, तिसरा मध्येच जागा होऊन ओरडायचा. इतरांनी इथरलाच नावं ठेवली. स्नोने कागद-पेन्सिल घेतली. द्रव इथरची वाफ हवेत किती मिसळेल हे तापमानावर ठरतं, हे थर्मोडायनॅमिक्सच्या पहिल्या युनिटमधलं ज्ञान. त्याने वेगवेगळ्या तापमानाला हवेत किती इथर असेल ह्याचा तक्ताच तयार केला, आणि पाण्यात बुडवून तापमान स्थिर ठेवणारा इनहेलर बनवून घेतला. काही महिन्यांत तो लंडनमधला सगळ्यात भरवशाचा भूल देणारा डॉक्टर झाला. ७ एप्रिल १८५३ ला राणी व्हिक्टोरियाच्या आठव्या बाळंतपणात क्लोरोफॉर्म द्यायला त्यालाच बोलावलं होतं, आणि १८५७ मध्ये नवव्या वेळेलाही. तो आयुष्यभर एवढंच करत राहिला असता तरी इतिहासात त्याचं नाव राहिलं असतं.

पण ह्या वाफांच्या अभ्यासातूनच त्याला कॉलऱ्याच्या बाबतीत शंका आली. कुठलाही वायू स्रोताजवळ दाट असतो आणि लांब जाता जाता विरळ होतो. मग वासानेच माणसं मरत असतील तर हाडं उकळणारे, चामडं कमावणारे, गटारं उपसणारे सगळ्यात आधी मरायला हवेत. तसं काही दिसत नव्हतं. दुसरं म्हणजे श्वासातून आलेलं विष आधी फुफ्फुसाला किंवा रक्ताला धरेल. कॉलऱ्यात सुरुवात होते ती पोटापासून, उलट्या आणि जुलाबांनी. म्हणजे जे काही आहे ते तोंडावाटे पोटात जातंय, तिथे वाढतंय, आणि जुलाबांतून बाहेर पडून पाण्यात मिसळून दुसऱ्याच्या तोंडात जातंय. १८४८-४९ ची साथ इंग्लंड-वेल्समध्ये पन्नास हजारांहून जास्त माणसं घेऊन गेली. त्याच सुमारास, १८४९ मध्ये, स्नोने हे सगळं तीसेक पानांच्या एका पुस्तिकेत छापलं. लोकांनी वाचलं, कल्पना हुशारीची आहे म्हणाले, आणि पुरावा कुठे आहे असं विचारलं. प्रश्न रास्तच होता.

पुरावा मिळवायची संधी पुढच्या साथीने दिली. १८५३ मध्ये कॉलरा पुन्हा आला आणि १८५४ पर्यंत देशभर वीस हजारांवर माणसं दगावली. इथे एका दुसऱ्या माणसाची ओळख करून द्यायला हवी. विल्यम फार. हा सरकारच्या जन्म-मृत्यू नोंदणी कचेरीत आकड्यांचं काम पाहायचा. इंग्लंडमध्ये १८३७ पासून प्रत्येक मृत्यूची नोंद व्हायला लागली होती, आणि फारच्या शिस्तीमुळे मृत्यूचं कारण, पत्ता, वय, धंदा हे सगळं दर आठवड्याला छापून यायचं. फार स्वतः हवेवाल्यांच्या बाजूचा होता. थेम्स नदीपासून जितकी उंच वस्ती तितका कॉलरा कमी, असा त्याने सुरेख ग्राफ काढला होता, आणि उंचावर हवा शुद्ध असते म्हणून असं, हा त्याचा निष्कर्ष. ग्राफ बरोबर होता. पण खालच्या वस्त्यांना पाणीही नदीच्या घाणेरड्या भागातलं मिळत होतं, आणि दोन्ही गोष्टी एकत्र असल्या की कारण कुठलं हे नुसत्या ग्राफवरून कळत नाही. मात्र फारचा मोठेपणा असा की मत पटत नसतानाही त्याने आपले आकडे स्नोला दिले, आणि पुढे मयताच्या घरी पाणी कुठल्या कंपनीचं हेही लिहून घ्यायला आपल्या रजिस्ट्रारांना सांगितलं.

हे कंपन्यांचं प्रकरण नीट समजून घ्या, कारण सगळी मजा इथेच आहे. दक्षिण लंडनला दोन खाजगी कंपन्या पाणी पुरवायच्या. सदर्क अँड व्हॉक्सहॉल आणि लँबेथ. दोघी पूर्वी स्पर्धक होत्या, त्यामुळे एकाच रस्त्यावर दोघींचे पाइप गेलेले. शेजारी-शेजारी दोन घरं, एकाला ह्या कंपनीचं पाणी, दुसऱ्याला त्या. श्रीमंत-गरीब, मोठं घर-लहान घर असा काही भेद नाही. आधी दोघीही शहरातल्या घाण थेम्समधूनच पाणी उचलायच्या. १८५२ मध्ये लँबेथ कंपनीने आपलं पाणी उचलायचं ठिकाण नदीच्या वरच्या अंगाला, थेम्स डिटनला नेलं, जिथे शहराची गटारं पोचत नव्हती. दुसरी कंपनी बॅटर्सीलाच राहिली. म्हणजे साधारण तीन लाख माणसांचे दोन गट आपोआप पडले. हवा तीच, वास तोच, गल्ली तीच. फरक फक्त नळाच्या पाण्याचा, आणि तोही लोकांना न विचारता झालेला. आपण लॅबमध्ये कितीही धडपडलो तरी इतकं स्वच्छ एक्सपेरिमेंट जमणार नाही.

आता काम एवढंच उरलं होतं की कॉलऱ्याने मेलेल्या प्रत्येकाच्या घरी जाऊन पाणी कुठल्या कंपनीचं ते विचारायचं. पण घरोघरी भाडेकरू, पाण्याचे पैसे भरणार घरमालक, त्यामुळे निम्म्यांना कंपनीचं नावच माहीत नाही. जुनी पावती शोधा, तर तीही सापडत नाही. स्नोने ह्यावर केमिस्ट्रीतला उपाय काढला. बॅटर्सीपर्यंत भरतीचं पाणी येतं, म्हणून तिथल्या पाण्यात मीठ जास्त. नळाचं थोडं पाणी बाटलीत घ्यायचं, त्यात सिल्व्हर नायट्रेट टाकायचं आणि पांढरा साका किती येतो ते बघायचं. थेम्स डिटनच्या पाण्यात गॅलनला ०.९५ ग्रेन मीठ होतं, दुसऱ्या कंपनीच्या पाण्यात ३७.९ ग्रेन. चाळीस पट! अकरावीच्या प्रॅक्टिकलमधला क्लोराइडचा टेस्ट आपण मार्कांसाठी करतो. ह्या माणसाने तो मयताच्या घराच्या उंबरठ्यावर केला.

आणि त्याने हे स्वतःची प्रॅक्टिस बुडवून, पायी हिंडून केलं. पुढे एका सहकारी डॉक्टरने मदत केली. साथीच्या पहिल्या सात आठवड्यांचा हिशोब असा आला : सदर्क अँड व्हॉक्सहॉलच्या ४०,०४६ घरांत १,२६३ मृत्यू, म्हणजे दहा हजार घरांमागे ३१५. लँबेथच्या २६,१०७ घरांत ९८ मृत्यू, म्हणजे दहा हजारांमागे ३७. जवळजवळ साडेआठ पट फरक. माझ्या मते स्नोचं सगळ्यात मोठं काम हे आहे. पण ह्यात एकही नाट्यमय प्रसंग नाही, नुसते दरवाजे ठोठावणं आहे, म्हणून हे कुणी सांगत नाही. सगळे सांगतात ती पुढची गोष्ट.

हे काम चालू असतानाच, ३१ ऑगस्ट १८५४ च्या रात्री, सोहोतल्या ब्रॉड स्ट्रीटवर कॉलरा अक्षरशः फुटला. स्नोच्या घरापासून हा रस्ता चालत काही मिनिटांवर. दहा दिवसांत तेवढ्याशा वस्तीत पाचशेच्या वर माणसं गेली. एकेका घरात तीन-तीन, चार-चार प्रेतं. सहा दिवसांच्या आत तिथले तीन चतुर्थांशाहून जास्त लोक मिळेल ते गाठोडं घेऊन पळून गेले. लोक पळत बाहेर येत होते आणि हा एकटा आत चालला होता.

रस्त्याच्या मधोमध एक हापसा होता. आसपासच्या वस्तीत नावाजलेलं पाणी, थंड आणि चवीला चांगलं. स्नोने ३ सप्टेंबरला ते काचेत धरून पाहिलं. स्वच्छ! फारसं काही दिसेना. इथे दुसरा कुणी असता तर पाण्याचा नाद सोडून घरी गेला असता. स्नो थेट नोंदणी कचेरीत गेला आणि त्या आठवड्यातल्या ८३ मृत्यूंची पत्त्यांसकट यादी घेऊन आला. जवळपास सगळे पत्ते त्या हापशाभोवतीचे. फक्त दहा घरं दुसऱ्या हापशांना जवळची होती. आता आपण रिपोर्ट लिहिताना काय करतो? ८३ पैकी ७३, म्हणजे ८८ टक्के, झकास रिझल्ट, बाकी एक्सपेरिमेंटल एरर! स्नो मुद्दाम त्या दहा घरांमागे लागला. पाच घरच्यांनी सांगितलं की जवळचा हापसा सोडून आम्ही पाणी ब्रॉड स्ट्रीटचंच मागवतो, चव चांगली म्हणून. आणखी तिघं म्हणजे लहान मुलं होती, त्याच हापशाजवळच्या शाळेत जाणारी.

मग उलटा प्रश्न. हापशाजवळ राहून जे मेले नाहीत ते का मेले नाहीत? पोलंड स्ट्रीटवर निराधार गरिबांना ठेवायचं वर्कहाउस होतं. आत ५३५ माणसं, चारी बाजूंना मरणाचा थैमान, आणि आत मृत्यू फक्त पाच. कारण आवारात त्यांची स्वतःची विहीर होती. ब्रॉड स्ट्रीटवरच बिअरचा कारखाना होता, सत्तरहून जास्त कामगार, एकही मेला नाही. मालकाने सांगितलं की ह्यांना बिअर फुकट मिळते, हापशाचं पाणी कुणी पीतच नाही. (दारूच्या विरोधात भाषणं देणाऱ्या स्नोला हे लिहून घेताना काय वाटलं असेल!) उलट बंदुकीच्या टोप्या बनवणाऱ्या कारखान्यात हापशाच्या पाण्याची दोन पिंपं भरून ठेवलेली असायची. तिथले दोनशेपैकी अठरा कामगार गेले.

आणि एक म्हातारी. राहायला हॅम्पस्टेडला, सोहोपासून काही मैलांवर, उंचावर, मोकळ्या हवेत. तिच्या आसपास कॉलऱ्याचा एकही पेशंट नव्हता, आणि ती २ सप्टेंबरला कॉलऱ्याने वारली. हवेवाल्यांच्या थिअरीत ही म्हातारी कुठेच बसत नाही. स्नो तिच्या मुलाला भेटला. ती त्याच टोप्यांच्या कारखान्याच्या मालकांची आई निघाली. पूर्वी ब्रॉड स्ट्रीटला राहायची. तिथल्या पाण्याची इतकी आवड, की रोज गाडीवरून एक मोठी बाटली भरून तिच्याकडे जायची. ३१ ऑगस्टची बाटली तिने प्यायली होती. भाची भेटायला आली होती, तीही प्यायली, इझलिंग्टनला आपल्या घरी गेली आणि मेली. इझलिंग्टनच्या त्या भागातही तेव्हा कॉलरा नव्हता. मुलं आईसाठी प्रेमाने पाणी पाठवत होती. ही एक नोंद वाचताना पोटात खड्डा पडतो, आणि पुरावा म्हणून तिच्याइतकी पक्की दुसरी नाही.

२०२५ च्या जानेवारीत पुण्याला सिंहगड रोडच्या भागात जीबीएसचे पेशंट अचानक वाढले, तेव्हा घरोघर सर्वेक्षण झालं, पाण्याचे नमुने घेतले गेले, विहिरीचं पाणी कुठे कुठे जातं ते पाहिलं गेलं. पद्धत ह्याच घराण्यातली.

७ सप्टेंबरच्या संध्याकाळी स्नो तिथल्या पॅरिशच्या, म्हणजे वॉर्डाच्या, कारभाऱ्यांच्या बैठकीत गेला आणि आपली यादी मांडली. त्यांना फारसं पटलं नव्हतं, पण दुसरं काही सुचतही नव्हतं. ८ सप्टेंबरला हापशाचा दांडा काढला. इथे गोष्ट सांगणारे थांबतात आणि टाळ्या घेतात. खरं म्हणजे साथ तोवर ओसरायला लागली होती, कारण पाणी प्यायला वस्तीत माणसंच उरली नव्हती. हे दुसऱ्या कुणी नाही, खुद्द स्नोनेच लिहून ठेवलंय.

मग दांडा काढून उपयोग काय झाला? ह्याचं उत्तर हेन्री व्हाइटहेड नावाच्या एका तरुण पाद्र्याने शोधलं. वय एकोणतीस, ह्याच वस्तीतल्या चर्चमधला, घरटी सगळ्यांना ओळखणारा. त्याला स्नोचं म्हणणं साफ अमान्य होतं आणि ते खोटं पाडायलाच तो कामाला लागला. पण तोही घरोघर फिरला, पळून गेलेल्यांनाही शोधून काढून विचारलं, आणि जसजसा फिरला तसतसा स्नोच्या बाजूला सरकत गेला. १८५५ मध्ये जुन्या नोंदी चाळताना त्याला हापशाला अगदी लागून असलेल्या ४० नंबरच्या घरातली पाच महिन्यांच्या मुलीची नोंद सापडली. ती साथ फुटायच्या आधीच जुलाबांनी आजारी पडली होती. आईने तिची दुपटी धुऊन ते पाणी घरासमोरच्या मैलाखड्ड्यात ओतलं होतं. खणून पाहिलं तर खड्ड्याच्या विटा निखळलेल्या, आणि तिथून हापशाची विहीर तीन फुटांपेक्षाही कमी अंतरावर! सिव्हिलच्या मित्रांनो, सहाशेच्या आसपास माणसांच्या मरणाचं कारण म्हणजे हे निखळलेलं बांधकाम.

त्या मुलीच्या वडिलांनाही कॉलरा झाला आणि ते १९ सप्टेंबरला वारले. ते आजारी पडले तो दिवस ८ सप्टेंबर. म्हणजे ज्या दिवशी दांडा निघाला त्याच दिवशी त्याच खड्ड्यात पुन्हा तेच विष पडायला सुरुवात झाली होती. हापसा चालू राहिला असता तर काय झालं असतं, ह्याचा विचार न केलेलाच बरा.

राहिला तो प्रसिद्ध नकाशा, जो प्रत्येक डेटा सायन्सच्या प्रेझेंटेशनमध्ये दुसऱ्या स्लाइडवर असतो. नकाशा पाहून स्नोला हापसा सापडला, असं सांगतात. तसं नाही. हापशाचा शोध पायी झाला, नकाशा नंतर लोकांना पटवायला काढला. पण नकाशा आहे मात्र सुंदर. प्रत्येक मृत्यूसाठी घराच्या दाराशी एक काळी रेघ. दुसऱ्या आवृत्तीत त्याने एक तुटक रेषाही काढली : जिथून ब्रॉड स्ट्रीटचा हापसा आणि दुसरा कुठलाही हापसा चालत सारख्याच अंतरावर आहेत, अशा बिंदूंची. सरळ रेषेतलं अंतर त्याने घेतलं नाही, गल्ल्यांतून चालायचं अंतर घेतलं. मृत्यू त्या रेषेच्या आत. कॉम्प्युटरवाले ह्याला व्होरोनॉय डायग्राम म्हणतील. व्होरोनॉयचा पेपर १९०८ चा!

एवढं झाल्यावर सगळ्यांनी त्याला डोक्यावर घेतलं असेल ना? कसलं काय. सरकारी आरोग्य मंडळाच्या समितीने १८५५ मध्ये स्नोचं म्हणणं तपासून नामंजूर केलं. स्नोने सुधारलेली, नकाशांसह आवृत्ती काढली. छपाईला स्वतःचे दोनशेहून जास्त पौंड घातले, खपल्या ५६ प्रती. त्याच वर्षी पार्लमेंटच्या समितीपुढे त्याची साक्ष झाली. हाडं उकळणाऱ्या, वास मारणाऱ्या कारखान्यांवर बंदी आणायचा कायदा येत होता. स्नोने जाऊन सांगितलं की वास घाण आहे हे मान्य, पण त्याने साथ येत नाही. कारखानदारांची बाजू घेतली म्हणून लॅन्सेटने त्याला अग्रलेखातून सोलून काढलं. त्याला गप्प राहता आलं असतं. राणीचा डॉक्टर होता, नाव होतं, पैसा होता.

१० जून १८५८ ला क्लोरोफॉर्मवरचं पुस्तक लिहिता लिहिता त्याला पक्षाघाताचा झटका आला आणि १६ जूनला तो गेला. वय पंचेचाळीस. लॅन्सेटने दोन-तीन ओळींची बातमी छापली. त्यात क्लोरोफॉर्म होता, कॉलऱ्याचा उल्लेखच नव्हता. त्याच उन्हाळ्यात थेम्स इतकी घाण मारायला लागली की पार्लमेंटला बसवेना, आणि बॅझलजेट नावाच्या इंजिनीअरला शहरभर भुयारी गटारं बांधायला पैसे मंजूर झाले. मंजूर झाले ते वासाला घाबरून! पण मैला शहराबाहेर गेला आणि काम स्नोला हवं होतं तेच झालं.

१८६६ मध्ये कॉलरा परत आला. ह्या वेळी मुख्यतः पूर्व लंडनमध्ये, जिथे गटारांचं काम अजून पुरं व्हायचं होतं. विल्यम फारने आकडे मांडले. उंचीचा ग्राफ त्याने बाजूला ठेवला आणि सरळ पाण्याच्या कंपनीकडे बोट दाखवलं. कंपनी म्हणाली आम्ही गाळलेलंच पाणी देतो. मग काही ग्राहकांनी आपल्या नळाच्या पाइपात जिवंत ईल मासे सापडल्याचं सांगितलं. गाळलेल्या पाण्यात एवढाले मासे कुठून येतील? उघड्या हौदांतलं पाणी तसंच सोडल्याचं बाहेर आलं. लोकांना पाणी उकळून प्यायच्या सूचना गेल्या. लंडनची ती शेवटची मोठी कॉलऱ्याची साथ.

जंतू स्नोला कधीच दिसला नाही. पाचिनी नावाच्या इटालियन शास्त्रज्ञाने तो १८५४ मध्येच, ब्रॉड स्ट्रीटच्याच वर्षी, मायक्रोस्कोपखाली पाहिला होता, पण त्याच्याकडे कुणी लक्ष दिलं नाही. १८८४ मध्ये रॉबर्ट कॉखने कोलकात्यात येऊन, तिथल्या एका तळ्याच्या पाण्यातही तो शोधून दाखवला तेव्हा जगाला पटलं.

ब्रॉड स्ट्रीटचं नाव आता ब्रॉडविक स्ट्रीट आहे. तिथे हापशाची एक प्रतिकृती उभी आहे, मुद्दाम दांडा नसलेली. शेजारच्या पबला नाव दिलंय जॉन स्नो. दारूला न शिवणाऱ्या माणसाचा असा सत्कार फक्त इंग्रजच करू जाणोत. लॅन्सेटने २०१३ मध्ये, म्हणजे १५५ वर्षांनी, स्नोची मृत्युबातमी दुरुस्त करून नव्याने छापली. ह्या वेळी त्यात कॉलरा होता.